लाडकी मोटार आणि शिकाऊ हात

1888 सालच्या ऑगस्ट महिन्यात एका पहाटे जर्मनीतील मानहाइम शहरात एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन चोरपावलांनी घराबाहेर पडली. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा, धाकटा रिखार्ड तेरा वर्षांचा. यजमान अजून झोपेत होते. आपण आजोळी फोर्त्सहाइमला जात आहोत, अशी चिठ्ठी त्यांच्यासाठी मागे ठेवली होती. मुलांना घेऊन माहेरी जाण्यात नवल ते काय? नवल होते ते वाहनाचे, आणि त्याबद्दल चिठ्ठीत चकार शब्द नव्हता. यजमानांनी रात्रीचा दिवस करून घडविलेली, घोड्यावाचून धावणारी तीन चाकी गाडी त्या तिघांनी बाहेर काढली आणि सुमारे शंभर किलोमीटरांचा रस्ता धरला. यजमानांचे नाव कार्ल बेंझ, बाईंचे बेर्था.

मोटारीच्या इतिहासात ही हकीगत बेर्थाबाईंच्या धाडसाची म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. तारेचे आवरण झिजले तेव्हा मोज्याचा बंद गुंडाळला. वीस्लोख गावी औषधाच्या दुकानात कपड्यांवरचे डाग काढायला लिग्रोइन नावाचे द्रव्य मिळे. ते विकत घेऊन टाकीत ओतले. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. शिवाय ही गाडी चोरली असेही म्हणवत नाही. कार्ल बेंझ यांच्या धंद्यात लग्नाआधीपासून बेर्थाबाईंच्या हुंड्याचा पैसा गुंतलेला होता. परंतु ही गोष्ट वाचताना माझे लक्ष जाते ते त्या दोन पोरांकडे. चढ आला की इंजिनाचा दम संपे, आणि मग पोरांना खाली उतरून गाडी ढकलावी लागे. घरी परतल्यावर तक्रार झाली की, चढासाठी या गाडीला आणखी एक गिअर हवा. बेंझ यांनी तो बसविला. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात गाडीशी झटणारे हात असे मिसरूड न फुटलेल्या पोरांचे होते. आणि गाडी होती वडिलांचा जीव की प्राण.

मोटारीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला येथे मोटार शिकविण्याचा इतिहास थोडासा चाळायचा आहे. त्यातही, घरात जिवापाड जपलेली जुनी गाडी घरच्याच पोरसवदा मुलामुलींच्या हाती देण्याचा. मी पेशाने मास्तर आहे. फळ्यावर लिहून देता येणारी विद्या आणि लिहून न देता येणारी विद्या यांतला फरक आम्हां मास्तरांना रोज छळतो. मोटार चालविणे ही दुसऱ्या जातीची विद्या. त्यातून गाडी जुनी असली की विचारूच नका.

कारण सगळी मेख क्लचमध्ये आहे. इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरतच राहते. चाके मात्र कधी थांबायची, कधी धावायची असतात. तेव्हा या दोहोंची कधी गाठ घालावी लागते, कधी फारकत करावी लागते. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र आणि त्याला घट्ट चिकटून एक चकती, अशी ती रचना. पायाने क्लच दाबला की चकती सुटते. पाय वर घेतला की चिकटते. पण एकदम चिकटवली तर गाडी बुजरट खोंडासारखी उसळी घेते आणि बंद पडते. फार वेळ अर्धवट चिकटवून ठेवली तर चकती जळते आणि तिचा तो करपट वास मालकाच्या काळजाला जाऊन भिडतो. या दोन संकटांच्या मध्ये दीड-दोन बोटांचे अंतर आहे. ते अंतर पायाच्या तळव्याने ओळखायचे असते. कोणत्या गाडीत ते कोठे असते हे त्या गाडीचा मालक जाणतो; पण तो ते सांगू शकत नाही. तो फक्त शेजारी बसून “हं, आता... आता... अरे, आता!” असे ओरडू शकतो.

आरंभीच्या काळात तर क्लच ही पुढची गोष्ट. गाडी सुरू करणे हेच दिव्य होते. समोर लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. हेन्री फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’चे उदाहरण घ्या. 1908 ते 1927 या काळात या गाड्या दीड कोटींहून अधिक निघाल्या, आणि अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या घरोघर पोचल्या. तिथल्या पोरांनी नांगर-बैलांच्या बरोबरीने ही गाडीही हाकायला घेतली. स्टिअरिंगच्या खाली डावीकडे ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी दांडी असे. ती आधी मागे घ्यायची, मग हँडल मारायचे. दांडी विसरली तर इंजिन उलटा हिसका देई आणि हँडल मनगटावर बसे. म्हणून जाणती माणसे पोरांना पहिला धडा देत तो अंगठ्याचा. हँडल पकडताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. हिसका बसलाच तर हात सुटून यावा. हा धडा कोणत्या शाळेत शिकवणार? बाप मुलाचा अंगठा स्वतःच्या हाताने सरळ करी, तेव्हा तो धडा होई.

या गाडीचे बाकीचे तंत्रही आजच्या माणसाला चक्रावून टाकील. पायाशी तीन पट्ट्या. पण त्या आपल्या ओळखीच्या नव्हेत. डावी पूर्ण दाबली की हळू चाल, पूर्ण सोडली की जलद चाल, अर्ध्यावर धरली की गाडी मोकळी. मधली पट्टी मागे जाण्याची. उजवी ब्रेकची. आणि वेग? तो पायाशी नव्हेच. तो स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीत. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच खाली उतरत असल्यामुळे फार खडा चढ आला की इंजिनाला ते पोचेनासे होई. मग चालक गाडी वळवून पाठमोरी डोंगर चढवीत. मिशिगन राज्यात हिकरी कॉर्नर्स येथे गिलमोर मोटार संग्रहालय आहे. तेथे आजच्या काळातही या जुन्या फोर्ड चालवायला शिकवितात. वीस वर्षे सफाईने मोटार चालविलेला गृहस्थ तेथे पहिल्या पाच मिनिटांत ब्रेक म्हणून भलतीच पट्टी दाबू शकतो. ज्याने कधी कोणतीच गाडी चालविली नाही त्याला निदान जुने काही विसरायचे तरी नसते! वर्गातली कोरी पाटी आम्हां मास्तरांना आवडते ती याचसाठी.

मग यंत्रे सुधारत गेली. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर 1912 सालच्या कॅडिलॅक गाडीत आला आणि मनगटे वाचली. गिअर बदलताना दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोन्ही चक्रांचा वेग आधी जुळवून देणारी युक्ती, सिंक्रोमेश, ही 1928 साली त्याच कंपनीने आणली. 1940 सालच्या ओल्डस्मोबाइलमध्ये तर क्लचची पट्टीच नाहीशी झाली. गिअर आपोआप बदलू लागले. यातल्या प्रत्येक सुधारणेबरोबर शिकणे सोपे झाले, आणि शिकविणाऱ्याकडे सांगण्यासारखे थोडे कमी उरले. मी सुधारणेच्या विरुद्ध बोलत नाही. मोडक्या मनगटांचे गोडवे कोणी गावेत! पण हिशेब मांडताना दोन्ही बाजू मांडाव्यात.

आता एका मास्तरांची गोष्ट. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात एमॉस नायहार्ट नावाचे औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्या काळी तेथे मोटारी उदंड आणि अपघातही उदंड. पोरे बापाकडून, भावाकडून, नाही तर स्वतःच्याच हिमतीवर गाडी शिकत. बापाला येतात त्या सगळ्या खोडी मुलाकडे वारशाने जात. नायहार्टना वाटले की जसे गणित शाळेत शिकवितात, तशी मोटार का शिकवू नये? 1934 साली त्यांनी स्टेट कॉलेज या गावच्या हायस्कुलात वर्ग सुरू केला. अमेरिकेतल्या शाळांतील मोटारशिक्षणाचा आरंभ बहुतेक जण येथूनच धरतात. गाडी कोणाची? शाळेची नव्हे, सरकारची नव्हे. नायहार्टांची स्वतःची, 1929 सालची ग्रॅहम-पेज.

मला या माणसाविषयी अपार आदर वाटतो. प्राध्यापकाच्या पगारातली गाडी, काळ मंदीचा. आणि एकामागून एक पंधरा-सोळा वर्षांची पोरे येऊन तिच्या क्लचवर पाय ठेवणार! शाळेतला खडू मोडला तर आमच्याकडे हजेरी घेतली जाते. पुढे त्यांनी शिक्षकांना शिकविण्याचेही काम केले, पाठ्यपुस्तके लिहिली, आणि हा विषय अमेरिकेतल्या शाळांतून सर्वत्र पसरला. 1990 साली ते वारले. त्या ग्रॅहम-पेजचा क्लच किती वेळा बदलावा लागला, हे मात्र कोणीतरी लिहून ठेवायला हवे होते.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला; शिकविण्यापेक्षा तपासण्याचा. 1903 सालच्या कायद्याने मोटार चालवायला वयाची सतरा वर्षे पुरी हवीत असे ठरविले, आणि पाच शिलिंग भरले की परवाना मिळू लागला. परीक्षा नाही, काही नाही! सक्तीची परीक्षा आली ती 1 जून 1935 पासून, आणि तिच्याबरोबर शिकाऊ गाडीवर लावायची ती तांबड्या ‘एल’ अक्षराची पाटी. महायुद्धात परीक्षा बंद पडल्या. पुढे सुएझच्या पेचप्रसंगात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा 1956 च्या अखेरीपासून काही महिने त्या पुन्हा बंद ठेवल्या आणि परीक्षक पेट्रोल-रेशनच्या कामाला जुंपले. त्या अवधीत शिकाऊ लोकांना शेजारी कोणी जाणता न बसवता गाडी चालविण्याची मुभा होती. पेट्रोल नाही म्हणून परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणून देखरेख नाही. सरकारी तर्कशास्त्र सगळीकडे एकाच साच्यातले. राजघराण्यालाही शिकणे चुकले नाही. 1945 साली राजकन्या एलिझाबेथ अठरा वर्षांची असताना लष्कराच्या महिला दलात दाखल झाली, आणि गाडी चालविणे व दुरुस्त करणे दोन्ही शिकली. सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी तेथे 1976 साली एक मोटार क्लबही निघाला. सार्वजनिक रस्त्यापासून दूर, बंद जागेत ती मुले आईबापांच्या देखरेखीखाली गाडी शिकतात.

आपल्याकडे मोटार आली ती साहेबांच्या, संस्थानिकांच्या आणि शेठजींच्या दारी. आणि तिच्याबरोबर आला शोफर. हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ भट्टी पेटविणारा. धनी मागे बसणार, भट्टीवाला पुढे. त्यामुळे घरातल्या मुलाने गाडी शिकावी ही कल्पना पुष्कळ वर्षे रुजलीच नाही. विद्या गेली ती क्लीनर पोरांच्या वाटेने. मालमोटारीवर बारा-तेराव्या वर्षी पोरगे लागायचे. गाडी धुवायची, चाकाखाली दगड लावायचा, उस्तादाचा चहा आणायचा, रात्री टपावर झोपायचे. दोन-तीन वर्षांनी कधीतरी उस्तादाची लहर लागली की निर्जन रस्त्यावर स्टिअरिंग हाती मिळायचे. गवयांच्या घराण्यांत याहून वेगळे काय चाले? मात्र या परंपरेचा मी उगीच गौरव करणार नाही. तिच्यात पोरांचे बालपण फुकट गेले, आणि रस्त्यावरच्या निरपराध माणसांचे प्राणही.

कायदा त्या मानाने शहाणा होता. 1914 सालच्या मोटार कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक जागी मोटार चालवायला बंदी केली. 1939 च्या आणि 1988 च्या कायद्यांनी मोटारीसाठी तीच मर्यादा कायम ठेवली. गिअर नसलेल्या, पन्नास सी. सी.पर्यंतच्या दुचाकीला तेवढी सोळाव्या वर्षी परवानगी. 2019 साली त्यात एक कडक कलम पडले. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक वा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. ‘आमचा बंडू नववीतच गाडी चालवतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्या बापांनी हे कलम देवघरात लावावे. माझ्या शाळेत येणारे असे बाप मी पाहतो, आणि मला त्यांच्याविषयी कसलीही सहानुभूती वाटत नाही. या लेखात मी शिकाऊ म्हणतो तो अठरा पुरे झालेला, शिकाऊ परवाना खिशात असलेला, गाडीला पुढेमागे ‘एल’ची पाटी लावलेला. अठरा आणि एकोणीस ही वयेही कोवळीच असतात.

आपल्या मध्यमवर्गीयांच्या घरात गाडी शिकण्याचे खरे पर्व आले ते फियाटबरोबर. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघू लागली. तिच्या पहिल्या वाटोळ्या, नाकाड्या अवताराला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे लाडके नाव ठेवले. पुढे 1964 पासून चौकोनी चेहऱ्याची गाडी आली, आणि तीच नाव बदलत बदलत प्रीमिअर पद्मिनी झाली. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर. तिची जीवनयात्रा 2014 पर्यंत चालली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीला आणखी आयुष्य दिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण त्या काळी गाडीसाठी पैसे भरून नाव नोंदविले की कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. मुलगी पाळण्यात असताना नोंदविलेली गाडी ती शाळेत जाऊ लागल्यावर यायची. दारात आली की तिची ओवाळणी व्हायची. दसऱ्याला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक. अशी ती घरची लेक. आणि ही लेक चालवायची कशी? तर स्टिअरिंगच्याच दांड्यावर डाव्या हाताला गिअरची दांडी, चार गिअर, पहिल्याला सिंक्रोमेश नाही. गाडी हलत असताना पहिल्यात टाकायची तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक हलका फटकारा, पुन्हा क्लच, मग पहिला. हे जमले नाही तर गिअर ओरडायचा. आळीतल्या चार घरांना कळायचे की आज डॉक्टरांचा मुलगा शिकतो आहे. पुढची बैठक सलग बाकासारखी असल्यामुळे शिकविणारा अगदी जवळ सरकून बसू शकायचा, आणि गिअरच्या दांडीवरच्या मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा. मला वाटते, कित्येक घरांत बाप आणि वयात आलेला मुलगा इतक्या जवळ एरवी बसतच नसत.

माझे मामा सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी डॉक्टर. त्यांनी 1984 साली एका निवृत्त सद्गृहस्थांकडून 1972 सालची फियाट घेतली. रंग फिक्या मोरपिशी. आम्हां भाचरांना, मुलांना त्यांनी या गाडीवरच शिकविले. प्रत्येकाला अठरावे सरल्यावर, आधी एक दिवसही नाही. त्यांची रीत ठरलेली होती. पहिले तीन दिवस ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. इंजिन नुसते चालू. क्लच हळूहळू वर घ्यायचा, बॉनेट किंचित थरथरले की तेथेच थांबायचे, पुन्हा दाबायचा. शंभर वेळा. “बघू नकोस, ऐक,” असे मामा म्हणत. इंजिनाचा सूर ज्या क्षणी किंचित खाली येतो, तोच तो दीड बोटांचा ठिकाणा. चौथ्या दिवशी चढ. आमच्या बाजार समितीच्या आवाराबाहेर एक छोटा चढ आहे. सुट्टीच्या दिवशी तेथे चिटपाखरू नसते. चढावर गाडी उभी करून मामा मागच्या चाकामागे वितीवर एक सोललेला नारळ ठेवीत. गाडी मागे न घसरता पुढे निघाली तर नारळ देवीला. घसरली तर तो तेथेच फुटला, सगळ्यांनी खोबरे खायचे. मी शिकलो त्या आठवड्यात घरात सोलकढी फार झाली.

माझा मामेभाऊ शिकत असताना फाटकाच्या दगडी खांबाला गाडीचा मडगार्ड घासला. वीतभर रंग गेला, पत्रा आत दबला. मामी धावत बाहेर आल्या, मामेभाऊ पांढराफटक. मामांनी खाली उतरून खरचटलेल्या जागेवर नुसता हात फिरविला, आणि म्हणाले, “बस परत. मागे घे, आणि याच फाटकातून पुन्हा काढ.” त्याने काढली. पत्रा सरळ करून आणायला मामा स्वतः मिरजेला गेले. चार दिवस ते कोणाशी फारसे बोलले नाहीत, हेही खरे.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हे पर्व उताराला लागले. गिअर खाली जमिनीवर, हलके. पहिल्या दिवशीच माणूस रस्त्याला लागावा अशी गाडी. मोटार शिकविणाऱ्या शाळांनी तिला शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक-क्लच बसवून घेतले, आणि घरातल्या वडीलधाऱ्याची मास्तरकी गेली. रस्त्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. शिकाऊच्या शेजारी परवानाधारक माणूस हवा आणि त्याला गाडी थांबविता येईल अशा जागी तो बसलेला हवा, असे आपले नियम सांगतात. फियाटमध्ये शेजारच्याच्या हाती हँडब्रेक आणि परमेश्वर, याखेरीज काय होते? पण त्याचा एक परिणाम असा की, जुन्या गाड्या उरल्या आणि त्या चालविणारे म्हातारे होत चालले. अमेरिकेत तर आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांचे राज्य इतके पसरले की, क्लच असलेली गाडी तरुणांना चालविताच येईना. जुन्या गाड्यांचा विमा उतरविणाऱ्या मिशिगनमधील हॅगर्टी कंपनीने मग तरुणांसाठी शिक्षणाचे मेळावेच भरवायला सुरुवात केली. गाड्या आणतात त्यांचे मालक. वर्षानुवर्षे पुसून-पुसून जपलेल्या. शेजारी बसतात, आणि अनोळखी पोराच्या पायाखाली आपला क्लच देतात. नायहार्ट मास्तरांचाच हा वंश म्हणायचा.

आपल्याकडे सरकारने या प्रश्नात 2021 साली लक्ष घातले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. नव्या नोंदणीला वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार रुपये. हेतू चांगला, जुन्या गाड्या भंगारात जाऊ नयेत. परंतु अशी गाडी रस्त्यावर केव्हा आणायची, तर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची शर्यत वा फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती, यांसाठी. शिकविणे त्या यादीत नाही. गाडी जपली जाईल. ती चालविणारा कोठून यायचा, हे नियमाने पाहिलेले नाही. तंबोरा संग्रहालयात ठेवावा आणि गाणे मात्र कोणी शिकू नये, असे काहीसे हे झाले.

मामांची फियाट 2022 साली पन्नाशीची झाली, तेव्हा हा पेच त्यांच्यापुढे आला. व्हिंटेजची पाटी लावली तर मान मोठा. आणि आल्यागेल्याला दाखवायला बरी. साधी नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी तपासणी, आणि जुन्या गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क त्याच 2022 साली सहाशेवरून पाच हजारांवर गेलेले. (2025 साली वीस वर्षांपुढील गाड्यांसाठी ते आणखी वाढले.) मामेभाऊ व्हिंटेजच्या बाजूचा होता. “बाबा, शोभेची झाली आता ती. कशाला रस्त्यावर आणायची?” मामांची नात तेव्हा पंधरा वर्षांची होती. मामांनी तिच्याकडे पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले, आणि साधी नोंदणी चालू ठेवली. गिअरबॉक्सचा एक घासलेला गिअर मुंबईच्या जुन्या बाजारातून शोधून आणायला त्यांना त्यानंतर चार महिने लागले.

यंदाच्या उन्हाळ्यात नातीचा शिकाऊ परवाना आला. मोटारशाळेत ती आधीच आठ दिवस जाऊन आली होती, तोऱ्यात होती. फियाटमध्ये बसल्यावर तिने डाव्या हाताने खाली चाचपडून पाहिले. “आजोबा, गिअर कुठाय?” मामांनी तिचा हात उचलून स्टिअरिंगच्या दांडीवर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. हाताला थोडा कंप असतो. पहिला गिअर ओरडला. दुसऱ्यांदा ओरडला. मी मागे बसलो होतो. मामांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. ते बोलले नाहीत. तीन दिवस नुसता क्लच झाला. “आजोबा, मोबाईलवर याचा व्हिडिओ असेल ना?” असे तिने दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “असेल की. पण बाळ, त्यात ही गाडी नसेल.”

चौथ्या दिवशी आम्ही चढावर गेलो. गाडीला पुढेमागे ‘एल’च्या पाट्या. मी उतरून मागच्या चाकाशी नारळ ठेवला आणि दूर उभा राहिलो. गाडी थरथरली, बंद पडली. पुन्हा सुरू केली. आचका दिला, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेस ती मागे आली आणि नारळ फटकन फुटला. नात रडवेली होऊन खाली उतरली. मामाही उतरले. त्यांनी वाकून चाकाखालची पाण्याने भिजलेली कवड वेचली, फुंकर घालून माती उडविली, अर्धे खोबरे तिच्या हातावर ठेवले, आणि मला म्हणाले, “वाण्याकडून जरा दोन नारळ घेऊन येतोस का रे?”